पाय टेकतील अशी खुर्ची

मी नायब तहसीलदार म्हणून रुजू झाले त्या दिवशी माझ्या खुर्चीवर पांढराशुभ्र टॉवेल घातलेला होता. सरकारी कार्यालयात साहेब कोण हे विचारावं लागत नाही. ज्या खुर्चीच्या पाठीवर टॉवेल, तो साहेब. आणि साहेब जितका मोठा तितकी खुर्चीची पाठ उंच. मी त्या खुर्चीशेजारी उभी राहिले तेव्हा टॉवेलाची घडी आणि माझा भांग एका रेषेत आले. नाकापेक्षा मोती जड म्हणतात तो हाच प्रकार, फक्त हा मोती सरकारी होता.

माझ्या शरीराबद्दल आधीच सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्याला चुळबुळ नको. मी उंचीने तिसरीतल्या मुलीएवढी आहे. पण म्हणून माझी ठेवण तिसरीतल्या मुलीची नाही. धड चारचौघींसारखंच आहे, खांदे रुंद, कंबर भरलेली. आखूड आहेत ते हात आणि पाय. कमरेत कणा जरा जास्तच आत वळलेला आहे. जन्मापासून मी अशीच आहे आणि ह्याच शरीराने शाळा, कॉलेज, स्पर्धा परीक्षा सगळं पार पाडलं. दोन जादा चाकं लावलेली माझी स्कूटर बुलढाण्याचे सगळे चढउतार ओळखते. लोक मला बघून 'मूर्ती लहान पण कीर्ती महान' म्हणतात. ही म्हण मी इतक्या सत्कारांत ऐकली आहे की आता कोणी नुसतं 'मूर्ती' म्हटलं तरी मी चपला शोधायला लागते.

रुजू व्हायच्या दिवशी बाबा माझ्यासोबत आले होते. बाबा सोनाळ्याकडे कोतवाल होते. कोतवाल म्हणजे महसूल खात्याच्या उतरंडीतलं सगळ्यात खालचं मडकं. गावात दवंडी द्यायची, नोटिसा बजावायच्या, तलाठ्याची दप्तरं उचलायची, आणि टपाल घेऊन तहसीलला गेलं की साहेब बोलावेपर्यंत दाराच्या चौकटीला खेटून उभं राहायचं. त्यांची सगळी नोकरी अशी उभ्याने झाली. साहेबाच्या खोलीतल्या खुर्चीवर ते एकदाही बसले नाहीत. कोणी बस म्हटलं नाही, आणि एखाद्या भल्या साहेबाने म्हटलं असेल तरी बाबा बसले नसते. आमच्या वस्तीतल्या माणसाने तिथे बसायचं नसतं हे त्यांच्या वडिलांच्या काळापासून त्यांच्या गुडघ्यांना माहीत होतं.

त्या दिवशीही ते सवयीने चौकटीपाशी उभे राहिले. मी टाचा उंच करून, हातांवर जोर देऊन खुर्चीवर चढले. समोर पाहुण्यांच्या खुर्च्या रिकाम्या होत्या.

"बाबा, बसा न."

"राहू दे. मी उभाच बरा."

"काऊन? आता तं तुमचीच पोरगी साहेब हाय."

त्यांनी जरा वाकून टेबलाखाली पाहिलं. माझे पाय जमिनीपासून बरेच वर लोंबत होते. "आधी तू नीट बस, माय," ते म्हणाले. "तुये पाय लोंबकळून राह्यले. तू नीट बसली की मी बसतो."

तो बहाणा होता हे मला तेव्हाच कळलं. साहेबासमोर बसायचं नाही, मग साहेब पोटची पोर का असेना, एवढंच त्यामागे होतं. पण मीही त्यांचीच मुलगी. मनात म्हटलं, म्हाताऱ्याने शब्द दिलाय. आता मी नीट बसून दाखवते, मग बघू कसे उभे राहतात.

हे बोलणं सोपं होतं. त्या खुर्चीवर मागे रेलून बसलं की माझे गुडघे वाकायचेच नाहीत, दोन्ही पाय समोर सरळ, दुकानात मांडलेल्या बाहुलीसारखे. पुढे सरकून कडेवर बसलं की पाय वाकायचे, पण मग पाठीला आधार नाही. दुपारपर्यंत मांड्या बधिर व्हायच्या आणि कमरेतून कळ निघायची. माझ्याकडे निराधारांच्या योजनेचं काम होतं. दारातून विधवा, म्हातारी माणसं, कुबड्या घेतलेले लोक यायचे, आणि त्यांचं ऐकताना माझं अर्धं लक्ष स्वतःच्या कमरेकडे असायचं. ह्याचा मला फार राग यायचा. मी काम करायला आले होते, खुर्चीशी कुस्ती खेळायला नाही.

आईने जुन्या लुगड्यांची जाड गादी शिवून पाठवली. ती पाठीशी लावली तर सरकायची, खाली घेतली तर मी आणखी वर जायची. मग आमच्या बडे बाबूंनी, म्हणजे कार्यालयातल्या सगळ्यात जुन्या कारकुनाने, माझ्या पायांखाली जुन्या फायलींचे गठ्ठे आणून ठेवले. उंची अगदी बरोबर होती. पण त्या फायलींमध्ये कोणाचे तरी अर्ज होते. माझ्या बाबांनी असले कागद पावसात अंगातला सदरा काढून त्यात गुंडाळून आणलेले आहेत. त्यांच्यावर चपला ठेवून मी काय बसणार. मी गठ्ठे परत पाठवले.

एका सुट्टीच्या दिवशी मी बाजारातल्या फर्निचरच्या दुकानात गेले. दुकानदाराने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, समजूतदारपणे मान हलवली आणि आतून लहान मुलांची अभ्यासाची खुर्ची आणली. गुलाबी रंगाची. पाठीवर हसणारं अस्वल. माझ्या डोक्यात तिडीक गेली. तरी मी त्या खुर्चीवर बसले, कारण राग वेगळा आणि माप वेगळं. बसल्याबरोबर पाय जमिनीला टेकले. तेवढ्यापुरतं खूप बरं वाटलं. पण कंबर खुर्चीच्या दोन्ही हातांच्या मध्ये अडकली, आणि पाठ जिथे संपत होती तिथे माझी पाठ जेमतेम सुरू होत होती. मुलांच्या खुर्चीत माझे पाय मावत होते आणि बाकीची मी बाहेर.

"मॅडम, अस्वल नको असेल तं मोराची पण हाय," दुकानदार म्हणाला.

मी त्याला म्हटलं की मी वयाने तुझ्याएवढी आहे आणि मला अस्वल, मोर, काहीही नको. तो ओशाळला. पण घरी येताना स्कूटरवर माझ्या मनात एक गोष्ट पक्की झाली. मला मोठी खुर्चीही नको होती आणि लहानही नको होती. बसायची जागा रुंद हवी पण खोल नको. तिची कड गुडघ्याच्या मागे टोचता कामा नये. उंची कमी, पण पाठ पूर्ण माणसाची, खांद्यापर्यंत येणारी, आणि कमरेच्या खळग्यात भरून बसणारी. हात ठेवायच्या पट्ट्या जवळ, कारण माझे हात आखूड. असली खुर्ची कोणी बनवून ठेवलेली नव्हती, तर ती बनवून घ्यायची. मी घरी गेले, भिंतीला टेकून जमिनीवर बसले आणि शिवणाच्या टेपने स्वतःला मोजलं. मोजताना गंमत वाटली. आजवर मला मोजणारे सगळे डोक्यापासून जमिनीपर्यंत मोजायचे आणि हळहळायचे. मी गुडघ्यापासून कमरेपर्यंत मोजत होते आणि त्यात हळहळण्यासारखं काहीच नव्हतं.

मी इकडे मापं काढत होते तेव्हा तिकडे बडे बाबूंचंही काही चाललं होतं. सोमवारी कार्यालयात गेले तर माझ्या खोलीत सगळा कर्मचारीवर्ग गोळा झालेला. टेबलामागे नवा कोरा लाकडी चौथरा. चढायला पायऱ्या, धरायला लोखंडी पाइप, वर लाल चटई. चटईवर माझी ती भली थोरली खुर्ची, आणि टॉवेल धुऊन इस्त्री केलेला. सगळ्यांनी आपापल्या खिशातून पैसे घालून मला न सांगता हे करून घेतलं होतं. बडे बाबूंच्या चेहऱ्यावर लेकीचं लग्न लागल्यावर असतं तसं समाधान होतं.

त्यांना नाही कसं म्हणायचं. मी पायऱ्या चढून वर बसले. टाळ्या वाजल्या. पाय अजूनही लोंबतच होते, फक्त आता सगळ्यांना दिसेल अशा उंचीवर.

पहिली बाई आत आली ती चांगली वयस्क होती. नवरा वारल्याचा दाखला तिने पदरात गुंडाळून आणला होता. तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि कागद दोन्ही हातांनी डोक्याच्या वर धरला, देवळात उंचावरच्या देवाला हार देतात तसा. मी घ्यायला पुढे वाकले. खुर्चीला चाकं होती, ती चटईवरून घसरली आणि एक चाक चौथऱ्याच्या कडेवरून खाली उतरलं. मी टेबलाची कड गच्च धरली म्हणून वाचले. ती म्हातारीच मला सावरायला धावली. निराधार ती, आणि आधार मला देत होती.

सगळे गेल्यावर मी बडे बाबूंना बोलावलं. मी चिडलेली होते आणि ते मी लपवलंही नाही.

"बडे बाबू, हा चौथरा काढा."

"काऊन मॅडम? काही कमी राह्यलं का? कडेले पट्टी ठोकून देतो, चाक नाई घसरनार."

"मले वर नाई बसायचं."

त्यांचा चेहरा पडला. "मॅडम, तुमी टेबलाच्या मागं दिसत नाई. लोकं दारात येऊन इचारतात, साहेब कुठी हायेत. मले ते आवडत नाई. साहेब वरच पाह्यजे."

"मंग टेबल खाली आणा. ह्याचे पाय कापा."

ते जवळ सरकले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "मॅडम, हे टेबल सरकारी हाय. याच्यावर नंबर हाय." आणि त्यांनी टेबलाच्या बाजूला पांढऱ्या रंगाने लिहिलेला नंबर मला दाखवला. सरकारी टेबलाचे पाय कापणं म्हणजे त्यांच्या लेखी सरकारचेच पाय कापणं होतं. मला हसू आलं. राग गेला, पण हट्ट गेला नाही.

पुढच्या रविवारी मी बसने देऊळगाव राजाला गेले. प्रशिक्षणाच्या काळात मी तिथे होते तेव्हा गाड्यांच्या सीटा शिवणाऱ्या एका चाचांनी माझ्या स्कूटरची सीट खाली घेऊन दिली होती. ट्रॅक्टर, रिक्षा, जीप, सगळ्यांच्या सीटा त्यांच्याकडे यायच्या. मी एक साधी फिरती खुर्ची विकत घेतली आणि त्यांच्यासमोर ठेवली.

"हिची बैठक पुढून कापायची. खालचा दांडा आखूड टाकायचा. पाठ खांद्यापर्यंत, आणि इथे कमरेत फुगीर."

चाचांनी खुर्चीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "बेटा, खुर्ची मोठी करून मागणारे लई आले. लहान करून मागणारी तूच पहिली. तू तर साहेब झालीस ना? मग पाठ उंच राहू दे. वर लाल रेग्झिन मारतो. शान दिसंल."

"चाचा, शान माझी मी बघते. पाठ खांद्यापर्यंत."

ते कुरकुरले, पण कामाला लागले. पहिल्यांदा त्यांनी कमी कापलं. मी बसले, उठले, म्हटलं आणखी. दुसऱ्यांदा कमरेचा फुगवटा फार वर आला. मी म्हटलं खाली. चाचा म्हणाले, "जीपवाले असं नाही बसून बघत." मी म्हटलं, जीपवाल्याला जीपमध्ये बसायचंय, मला माझ्या जागेवर बसायचंय. ह्यावर ते हसले आणि चहा मागवला. दुपार कलली तेव्हा मी शेवटचं बसले. पाठ मागे टेकली. कमरेच्या खळग्यात फोम नेमका जाऊन बसला. गुडघे वाकले. दोन्ही तळवे फरशीवर सपाट. मी फरशीवर पाय दाबला आणि खुर्ची मागे सरकली. आयुष्यात पहिल्यांदा मी खुर्ची स्वतःच्या पायाने सरकवत होते. मी ती दुकानभर फिरवली, पुढे, मागे, गोल. चाचा बघत राहिले. मला लाज वगैरे काही वाटली नाही. मी मापं काढली होती, मी भांडले होते, आणि ही खुर्ची माझी होती. असा अभिमान मला निकालाच्या दिवशीही वाटला नव्हता.

खुर्ची भाजीच्या टेम्पोतून बुलढाण्याला आली. आता प्रश्न टेबलाचा राहिला. एवढ्या खाली बसून त्या नंबरवाल्या टेबलावर लिहायचं म्हणजे हात डोक्याच्या वर. चौथऱ्यावरून बोलणं झाल्यापासून बडे बाबू माझ्याशी कामापुरतंच बोलत होते. पण नवी खुर्ची त्यांनी फिरून फिरून पाहिली. दुसऱ्या दिवशी ते एका हातगाडीवर टेबल घेऊन आले. सागवानी, जुनं, आटोपशीर.

"हे माह्या घरचं हाय," ते म्हणाले. "याच्यावर बसून माह्या पोरी शिकल्या. आता त्या सासरी. याच्यावर नंबर नाई, मॅडम. कापा म्हणा पाय."

मी त्यांना नमस्कार केला. त्यांनी नजर दुसरीकडे वळवली आणि सुताराला बोलवायला निघून गेले. जाता जाता टॉवेल मात्र ते माझ्या नव्या खुर्चीवर टाकून गेले. तो खालपर्यंत लोळला आणि खुर्ची पार दिसेनाशी झाली. मी तो काढून हात धुण्याच्या जागी खिळ्याला अडकवला. तिथे तो अजूनही आहे आणि उपयोगी पडतो.

त्यानंतर जे झालं ते मी ठरवलेलं नव्हतं. चौथरा गेला, मोठं टेबल गेलं, मी माझ्या बुटक्या टेबलामागे पाय टेकून बसले. पहिला आला तो एक धिप्पाड शेतकरी. आमच्याकडे साहेबासमोर बसायचं नाही ही जुनी रीत, म्हणून तो टोपी हातात घेऊन उभा राहिला. पण उभा राहिला तर साहेब पार खाली, त्याच्या पोटाच्या उंचीला. साहेबाकडे असं वरून कसं बघायचं. तो वाकला. वाकून बोलता येईना. त्याने इकडेतिकडे पाहिलं, अवघडला, आणि शेवटी खुर्ची ओढून बसला. बसल्यावर आमचे डोळे समोरासमोर आले आणि तो नीट बोलायला लागला. त्याच्यामागून आलेल्या म्हातारीचंही तेच झालं. उभं राहणं हा आता मान राहिला नव्हता, ते उद्धट दिसत होतं. संध्याकाळी बडे बाबू दारात येऊन म्हणाले, "मॅडम, आज कोनी उभंच नाई राह्यलं." ते तक्रार करत होते की कौतुक, हे त्यांनाही ठरवता आलं नसावं.

मी त्याच रात्री घरी फोन केला आणि बाबांना या म्हटलं. कशाला ते सांगितलं नाही.

ते आठवड्याच्या बाजाराचा दिवस टाळून आले. सोनाळ्याहून शेगाव, खामगाव करत, बोथ्याचा घाट चढून बसने यायचं म्हणजे अर्धा दिवस जातो. हातात कापडी पिशवी, अंगात इस्त्रीचा सदरा. आले आणि नेहमीसारखे चौकटीपाशी उभे राहिले. माझ्यासमोर एक बाई बसली होती, तिचं काम झालं, ती गेली. खोलीत आम्ही दोघंच.

 मी खुर्ची जरा मागे सरकवली, त्यांना दिसावं म्हणून.

बाबा दोन पावलं आत आले. खुर्ची टेबलापासून मागे आल्यामुळे ह्या वेळी त्यांना वाकावं लागलं नाही. त्यांनी माझे पाय पाहिले, जमिनीवर टेकलेले. मग पाठ पाहिली. मग माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"बसली का नीट?"

"हाव बाबा. बसली."

ते टेबलाजवळ आले. उभ्याने माझ्याकडे बघायला त्यांना मान खाली घालावी लागत होती आणि ते त्यांना सोसत नव्हतं, हे मला दिसत होतं. त्यांनी समोरच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला.  मग पिशवी मांडीवर घेऊन ते खुर्चीच्या अगदी कडेवर बसले, कोणी उठ म्हटलं तर लगेच उठता येईल असे.

 मी समोरचा एक कागद उगाच वाचला.

तेवढ्यात बडे बाबू चहा घेऊन आत आले. बाबांचे गुडघे सवयीने हलले, ते अर्धे उठले. आयुष्यभर बाबू दिसला की ते उठत आले होते. मी म्हटलं, "बाबा, बसा. तुमी शब्द देला होता." बडे बाबूंनी पहिला कप त्यांच्यासमोर ठेवला.

बाबांनी पुन्हा एकदा माझ्या पायांकडे पाहिलं. पिशवी मांडीवरून काढून खाली जमिनीवर ठेवली. मग ते मागे सरकले, त्यांनी खुर्चीला पाठ टेकवली, आणि चहा बशीत ओतला.